पावसाच्या रात्री हाक पोचत नाही

आषाढातली रात्र होती. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, रात्रपाळीला सिस्टर मी एकटी आणि सोबत एक मावशी. लेबर रूममध्ये पहिलटकरीण अडलेली, तिथून आम्हा दोघींनाही हलता येत नव्हतं. बाहेर पाऊस असा, की व्हरांड्यात पत्र्याखाली शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळू नये. पहाटे चारला बाळंतीण मोकळी झाली, मी हात धुऊन पुरुष वॉर्डात आले, तर सात नंबरची खाट रिकामी. आजोबा बाथरूममध्ये पडलेले सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. अडीचच्या सुमारास उठलो होतो, म्हणाले. त्यांनी हाका मारल्या होत्या, आवाज बसल्यावर हातातला तांब्या फरशीवर आपटला होता. वॉर्डातल्या दोघांनी तो आवाज ऐकलाही होता. त्यांना वाटलं, वाऱ्याने पत्रा वाजतोय.

मुलगा-सून मुंबईला. सोबतीला आलेली म्हातारी गुरांचं करायला संध्याकाळच्या एसटीने घरी गेलेली. दीड तास तो माणूस ओल्या फरशीवर पडून होता. आम्ही त्यांना गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, पण ते पुन्हा धड चालले नाहीत. मी कामचुकार नव्हते, मावशीही नव्हती. तरीही तो दीड तास माझ्या ड्युटीतला आहे आणि माझ्या मनातून तो गेलेला नाही.

निवृत्तीनंतर मी चार वर्षं एका ट्रस्टच्या रुग्णालयात इनचार्ज सिस्टर होते. तिथे खाटेखाटेला वायरलेस नर्स कॉल, म्हणजे पेशंटने बटण दाबलं की सिस्टरला कळवणारी बिनतारी घंटा, बसवली गेली, ती माझ्या डोळ्यांसमोर. ती कशी चालते, कुठे फसते, सिस्टरांना तिची भीती का वाटते, हे सगळं जवळून पाहिलं. म्हणून आज मागणी करते: कोकणातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, प्रत्येक खासगी शुश्रूषागृहात, प्रत्येक खाटेला आणि प्रत्येक संडास-बाथरूममध्ये ही सोय हवी. आणि तिच्यात साठणारी नोंद सिस्टरांना धारेवर धरायला वापरू नये, सिस्टरांची पदं भरून घ्यायला वापरावी. या दोन मागण्या मी एकत्र करते आहे, कारण एकीशिवाय दुसरी टिकणार नाही.

आपल्याकडे पेशंट दाखल होताना पहिला प्रश्न असतो, ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न मीही हजारो वेळा विचारला आहे. सलाईन संपत आली की सांगायला, पाणी द्यायला, युरिन पॉट धरायला, धावत जाऊन सिस्टरला बोलवायला नातेवाईक असतोच, असं धरून आपली वॉर्डाची सगळी व्यवस्था बेतलेली आहे. घाटावर ते बऱ्याच अंशी खरं असेल. कोकणात नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्याआधीच्या दहा वर्षांत चक्क घटली होती. या आकड्यांचा अर्थ आम्हाला वॉर्डात दिसतो. खाटेवर सत्तरी ओलांडलेली बाई, शेजारच्या स्टुलावर तेवढ्याच वयाची जाऊ किंवा शेजारीण, आणि मुलगा रात्रीच्या गाडीने निघालेला. सोबत आहे, पण ती सोबत स्वतःच गुडघे धरून बसलेली. तिला मध्यरात्री कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालायला लावायचं का? गणपतीत आणि शिमग्याला वॉर्डात माणसं मावत नाहीत. उरलेलं वर्षभर मात्र म्हातारी माणसं एकटी असतात.

यात नवं असं काही मागत नाही मी. १८५३ साली, क्रिमियाच्या युद्धाला जाण्यापूर्वी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था हाती घेत होत्या. तेव्हा त्यांनी घातलेल्या अटींत एक अशी होती, की प्रत्येक मजल्यावरच्या रुग्णांच्या घंटा त्या मजल्यावरच्या नर्सच्या दाराबाहेर वाजाव्यात, आणि घंटा वाजली की तिची झडप उघडून तशीच राहावी, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला दिसेल. घंटा थांबली तरी झडप उघडीच. आज दारावरचा दिवा पेटतो आणि कोणी खाटेपाशी जाईपर्यंत पेटलेला राहतो, त्यामागे हाच विचार आहे. आम्ही नर्सिंगला शपथ घेतो ती हातात दिवा घेऊन. या घंटेबद्दल मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी पुष्कळ उशिरा वाचलं आणि फार वाईट वाटलं, की दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट माझ्या वॉर्डात कधी आलीच नाही.

आता ही व्यवस्था चालते कशी ते सांगते, कारण न कळता विकत घेतलेली वस्तू सहा महिन्यांत कपाटात जाते. पेशंटच्या हाताशी असलेल्या बटणात नाण्याएवढी बॅटरी असते आणि एक रेडिओ चिप. एरवी ती चिप झोपलेली असते, म्हणून बॅटरी महिनोन् महिने पुरते. बटण दाबलं की ती जागी होते आणि आपला क्रमांक रेडिओ लहरींवर पाठवते. लागोपाठ काही वेळा पाठवते, कारण त्याच क्षणी दुसऱ्या खाटेवरून कोणी बटण दाबलं तर दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून विरू शकतात. कॉरिडॉरमध्ये छताखाली रिपीटर लावलेले असतात, ते संदेश उचलून पुढे देतात. नर्सिंग स्टेशनवरच्या रिसीव्हरमध्ये नोंद असते, की हा क्रमांक म्हणजे पुरुष वॉर्ड, खाट ७. पडद्यावर तसं उमटतं, बझर वाजतो, वॉर्डाच्या दारावरचा दिवा लागतो आणि सिस्टरच्या मनगटावर घड्याळासारखं यंत्र असेल तर तेही थरथरतं. त्या रात्री लेबर रूममध्ये ते थरथरणं मला पोचलं असतं. मी स्वतः गेले नसते, बाळाचं डोकं दिसत होतं. पण मावशीला दोन मिनिटांसाठी पाठवलं असतं.

चांगल्या व्यवस्थेत कॉल बंद करायची कळ खाटेपाशीच असते. टेबलावर बसून आवाज बंद करता आला तर तो केला जातो, हे मी माझ्या सहकारी मैत्रिणींना दोष न देता सांगते. तीन फायली, दोन फोन आणि एक बडबडणारा नातेवाईक समोर असताना हात आपोआप बझरकडे जातो. म्हणून सिस्टरला पेशंटपर्यंत चालत नेणारी कळ हवी. ठरलेल्या वेळात कोणी गेलं नाही तर कॉल पुढच्या माणसाकडे सरकतो, म्हणजे शेजारच्या वॉर्डातली सिस्टर, मग इनचार्ज. बाथरूममधली दोरी ओढली तर आवाज वेगळा, आणि हृदय बंद पडल्याचा कॉल त्याहून वेगळा. सगळ्याला एकच टिंगटाँग असेल तर महिन्याभरात कान त्याला सरावतात आणि मग ते ऐकूच येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र बाहेरून दिसतच नाही. खऱ्या नर्स कॉलमधलं प्रत्येक बटण ठरावीक वेळाने स्वतःहून एक छोटा संदेश पाठवतं, ‘मी आहे, माझी बॅटरी एवढी आहे.’ तो आला नाही की स्टेशनवर लगेच दिसतं, की नऊ नंबरचं बटण मुकं झालं. आमच्याकडच्या कित्येक छोट्या दवाखान्यांत घराच्या दाराला लावायची रिमोट बेल खाटेला बांधलेली असते. तिला ही हजेरी नसते. तिची बॅटरी संपते आणि कोणालाच कळत नाही. पेशंट दाबत राहतो, सिस्टर येत नाही, त्याला वाटतं सिस्टर उर्मट आहे. काही ठिकाणी तर दोन खाटांच्या बेलची एकच धून असते आणि सिस्टरला दोन्हीकडे जाऊन पाहावं लागतं. बेल नसलेला पेशंट निदान ओरडतो तरी. मुकी बेल हातात असलेला पेशंट तिच्यावर विसंबून गप्प पडून राहतो, आणि म्हणून ती मला अधिक धोक्याची वाटते. अमेरिकेत रुग्णालयांच्या नर्स कॉलसाठी यूएल १०६९ नावाचं वेगळं सुरक्षा मानक आहे, ते उगाच नाही. निविदेत ‘कॉल बेल, नग तीस’ एवढंच लिहिलं की दाराची बेल येते. ‘हजेरी देणारी, बॅटरीची सूचना देणारी, खाटेपाशीच बंद होणारी’ असं लिहावं लागतं.

वायरची बेल का नको, असं विचारतात. हवी तिथे असू दे, नव्या पक्क्या इमारतीत ती उत्तमच. पण खाडीकाठच्या जुन्या इमारतीत मी तिची दशा पाहिली आहे. खारी हवा तांब्याला खाते, बटण उघडलं की आत हिरवा गंज. मुंग्या घर करतात, स्विचबोर्डात पाल मरून पडते, खाट ओढताना वायर तुटते. एकदा तुटली की जांभ्याची भिंत फोडून नवी कोण टाकणार? शिवाय पावसाळ्यात लेप्टो आणि तापाच्या साथीत कॉरिडॉरमध्ये जादा खाटा लागतात, तिथे भिंतीवरची वायर पोचणारच नाही. वायरलेस बटण खाटेबरोबर जातं. खाट जाते, पण पडद्यावरचं नाव आपोआप बदलत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. आमची एक नवी मुलगी ‘स्त्री वॉर्ड, खाट ४’ वाचून धावली तेव्हा चार नंबरची खाट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला हलवलेली होती. त्या दिवसापासून खाट हलवली की नाव बदलायचं, हे आम्ही हँडओव्हरच्या वहीत पहिल्या ओळीला लिहायला लागलो.

जांभ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. रेडिओ लहरी भिंतीतून जाताना अशक्त होतात, आणि भिंत ओली असेल तर अधिकच. जांभा सच्छिद्र, चार महिने पाणी पिणारा. वायफायच्या लहरींपेक्षा कमी कंपनसंख्येच्या लहरी भिंतीतून चांगल्या जातात. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे, तो इथे सोयीचा. एक्स-रे रूमच्या शिशाच्या भिंतीमागे आणि लोखंडी कपाटांच्या रांगेआड सावली पडते, तिथे रिपीटर जास्त लागतात. कंपनीचा माणूस मे महिन्यात येऊन, सगळी दारं उघडी ठेवून चाचणी करतो आणि सगळं छान चालतं. माझं म्हणणं आहे, शेवटचं बिल जुलैतल्या चाचणीनंतर द्यावं, दारं बंद करून, प्रत्येक बाथरूममधून.

आणि विजेचं काय? ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीत पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं आणि २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. अशा ठिकाणी इंटरनेटवर किंवा मोबाईलच्या ॲपवर विसंबलेली नर्स कॉल घेणं चूक आहे. बटण ते रिपीटर ते रिसीव्हर हा संवाद इमारतीच्या आतल्या आत, स्वतःच्या लहरींवर व्हायला हवा. ॲप असलं तर वरचं म्हणून असू दे. बटणाला स्वतःची बॅटरी आहेच. रिपीटर आणि रिसीव्हरलाही बॅटरी हवी, आणि ते सगळं जमिनीपासून उंच हवं. पुराच्या पाण्यात पहिला बळी तळमजल्यावरच्या इन्व्हर्टरचा जातो.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो माझ्याच बिरादरीचा. ‘आधी माणसं भरा, मग बेल लावा. तीस पेशंटना एक सिस्टर, आणि तीस बटणं! ती मरेल.’ हा राग मला मान्य आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात ५ खाटांमागे एक परिचारिका असं आहे, आणि आमच्या रात्री कशा जातात ते आम्हाला माहीत आहे. तरीही मी म्हणते, बेल आधी येऊ दे. कारण आज पेशंटची गरज कुठे नोंदलीच जात नाही. सात नंबरच्या आजोबांनी किती वेळ तांब्या आपटला, याची कुठल्याच रजिस्टरात ओळ नाही. केस पेपरवर ‘पडून खुब्याला इजा’ एवढंच. नर्स कॉलमध्ये प्रत्येक कॉलची वेळ आणि तिथे कोणी पोचल्याची वेळ आपसूक नोंदली जाते. रात्री दोन ते पाचमध्ये एका सिस्टरवर एकाच वेळी किती कॉल पडले, ते कागदावर येतं. रिक्त पदांसाठी आम्ही निवेदनं देत आलो, ‘कामाचा ताण आहे’ असं लिहीत आलो. ताण म्हणजे काय, ते मोजून दाखवता आलं नाही. आता दाखवता येईल.

पण त्यासाठी एक शिस्त पाळावी लागेल, आणि ती वरच्यांनी पाळायची आहे. आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात पहिल्याच महिन्यात बैठकीत तक्ता लावला गेला: कोणती सिस्टर किती मिनिटांनी पोचली. नावासकट. दुसऱ्या दिवसापासून मुली काय करायला लागल्या? धावत जाऊन आधी कळ दाबायच्या, ‘आले हं’ म्हणायच्या आणि परत यायच्या. पडद्यावरचे आकडे सुंदर झाले, पेशंट होता तिथेच होता. मी भांडून तो तक्ता काढायला लावला. त्याऐवजी आम्ही कॉल कशासाठी आला ते पंधरा दिवस वहीत लिहिलं. पाणी, संडासला नेणं, कूस बदलणं, संपत आलेली सलाईन, दुखणं. यातलं पुष्कळसं आधीच ओळखता येण्याजोगं होतं. दर तासाला फेरी मारून ‘दुखतंय का, संडासला जायचंय का, पाणी हाताशी आहे का’ विचारलं की बेल कमी वाजते, हा अनुभव इतर देशांतल्या रुग्णालयांनीही नोंदवला आहे. आमच्याकडेही तसंच झालं. मावश्यांच्या पाळ्या बदलल्या, रात्री एक मावशी वाढवून मिळाली. तीही त्या वहीच्या जोरावर.

या यंत्राची मर्यादाही मला लपवायची नाही. बटण दाबायला माणूस शुद्धीवर हवा, हातात जोर हवा. मण्यार चावलेल्याच्या पापण्या जड होतात, मग बोटं, मग श्वास. त्याच्या उशाशी बटण ठेवून निघून जाणं गुन्हा आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीत विंचू चावलेल्या पेशंटच्या खाटेशी बसून निरीक्षणं केली, त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे आला. तसं बसणं कुठलंही यंत्र करणार नाही. उलट मला वाटतं, तीस पेशंटांत असे दोघे अत्यवस्थ असतील आणि बाकीच्या अठ्ठावीस जणांनी आपापल्या बटणाने हाक मारली, तर त्या दोघांशेजारी बसायला सिस्टर मोकळी होईल.

आणि बटण दिलं म्हणजे दाबलं जातं, असंही नाही. आमच्या आज्या संकोचाच्या. ‘तुमका कित्याक तरास, बाय’ म्हणून कळ सोसतात. म्हणून दाखल करतानाच प्रत्येकाला एकदा बटण दाबायला लावायचं, दिवा लागलेला दाखवायचा, आणि खरोखर जायचं. एकदा हाकेला ओ मिळाली की विश्वास बसतो. अर्धांगाच्या पेशंटला बटण चालत्या हाताच्या बाजूला द्यायचं. ही साधी गोष्ट किती वेळा चुकते, ते मी मोजलेलं नाही, पण फार वेळा. पेशंट घरी गेला की बटण पुसायचं, नाहीतर एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याच्या हाती जाईल.

पैशाचा प्रश्न येईल. भिंती फोडायच्या नाहीत, वायरी ओढायच्या नाहीत, म्हणून चालू रुग्णालयात ही व्यवस्था एकेका वॉर्डाने बसवता येते. रुग्ण कल्याण समितीचा निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. इमारतींच्या रंगरंगोटीला आणि प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसा मिळालेला मी पाहिला आहे. खासगीसाठी कायदा आहेच: १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आवश्यक झालं. त्याच नियमांत एक कलम वाढवावं: प्रत्येक खाटेशी आणि प्रत्येक संडास-बाथरूममध्ये चालू स्थितीतलं कॉल बटण, आणि दर महिन्याच्या तपासणीची सहीसकट नोंद. ३० खाटांच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयांना तोच नियम लागू करावा, आधी बाथरूमपासून. कारण खाटेवरच्या माणसाला शेजारचा तरी असतो.

आमच्याकडे व्यवस्था बसवायला आलेला मुलगा सावंतवाडीकडचा होता, कामाला नीटस. बाथरूममधली दोरी त्याने उभ्या माणसाच्या हाताला येईल अशी लावली होती. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, पडलेला माणूस उभा नसतो.’ त्याला कळेना. मग मी साडी खोचून त्या फरशीवर कुशीवर आडवी झाले आणि हात वर केला. दोरीचं टोक दीड हात वर राहिलं. तो काही बोलला नाही, पेटीतून दोरी काढली आणि जोडायला लागला. जमिनीपासून वीतभर अंतरावर गाठ मारली, मला म्हणाला, ‘आता बघा.’ मी पडल्या पडल्या ओढली. बाहेर कॉरिडॉरमध्ये दिवा लागला, आणि स्टेशनवरून मुलगी धावत आली.